मास्तरांचा नऊ

कपडे दुरुस्त करून देणाऱ्या त्या दुकानात मास्तरांचं मशीन जिन्याखाली होतं. जिना वरच्या चपलांच्या दुकानाचा, त्यामुळे दिवसभर गिऱ्हाइकं त्यांच्या डोक्यावरून चढत-उतरत. "कलाकाराला लोक डोक्यावर घेतात, माझ्या डोक्यावरून जातात," असं मास्तर म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. काम ठरलेलं होतं. पँटची लांबी कमी करायची, कंबर सैल करायची, चेन बदलायची. पंचवीस वर्षं सूट कापलेल्या माणसाने परदेशात येऊन दुसऱ्यांच्या पँटी उसवाव्यात, याचं त्यांना फारसं वाईट वाटत नव्हतं. वाईट एकाच गोष्टीचं वाटायचं. तीन वर्षं झाली, ते इकडे होते आणि बायको तिकडे.

तिला आणायचा अर्ज मागच्या वर्षी केला होता. अर्जाचं ऑनलाइन खातं तिनेच तिकडून उघडलं, कारण मास्तरांनी फोनवर एका ठिकाणी बोट ठेवलं की भलतंच काहीतरी उघडतं. केस नंबर आला तेव्हा तिने तो फोनवर सांगितला आणि मास्तरांनी मापाच्या वहीत उतरवून घेतला. "सरकारी काम आहे, इंग्रजी आकड्यांत लिहा," असं तिने बजावलं होतं. मास्तरांनी मुकाट्याने तसं लिहिलं. त्या वहीत तेवढा एक नंबर इंग्रजीत होता, बाकी पानंच्या पानं मराठी आकड्यांची होती. नंबरच्या वरच तिच्या कोटाची मापं होती. इथल्या थंडीत लागेल म्हणून राखाडी लोकरीचा एक कोट ते तिच्यासाठी फावल्या वेळात शिवत होते.

"खात्याचं आता मी बघतो. तू त्यात डोकं घालू नकोस," असंही त्यांनी तिला सांगून टाकलं. मग तिने सांगितलेला पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहिला, चिठ्ठी समोर लटकणाऱ्या जाकिटाच्या खिशात ठेवली, आणि संध्याकाळी ज्याचं जाकीट होतं तो ते घेऊन गेला. झालं ते बायकोला सांगितलं असतं तर दोन मिनिटांत तो पुन्हा मिळाला असता. पण मग मास्तर कसले?

त्यांनी दुसरी वाट शोधली. खात्यात न शिरताही, नुसता केस नंबर टाकला की अर्जाची स्थिती एका ओळीत दाखवणारं एक पान होतं. रोज सकाळी मशीनला तेल दिलं की मास्तर वही उघडायचे, नंबर टाकायचे आणि 'अर्ज विचाराधीन आहे' ही ओळ वाचायचे. जेवणाच्या सुट्टीत बायकोला फोन करून सांगायचे, "खातं बघितलं. चालू आहे." खातं आतून कसं दिसतं हे त्यांना ठाऊकही नव्हतं.

याच दिवसांत एकदा दुकानातल्या इस्त्रीवाल्याने त्यांची मापाची चिठ्ठी वाचून एका पँटला छत्तीसवर घडी मारली. चिठ्ठीत सदतीस होते. त्या घडीवर कापून पँट एक इंच आखूड झाली आणि मास्तरांनी भरल्या दुकानात त्याची हजेरी घेतली.

"तुमचा मराठी सात इंग्रजी सहासारखा दिसतो, मास्तर," तो म्हणाला.

"दिसतो नाही, तुला दिसला. आकडा डोळे उघडे ठेवून वाचायचा असतो. कापड एकदा कापलं की माफी मागून वाढत नाही."

हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की त्या आठवड्यात त्यांनी ते चौघांना ऐकवलं.

आणि एका सकाळी ती ओळ बदलली. 'अर्ज नामंजूर करण्यात आला आहे.' मास्तरांनी चष्मा पुसला, नंबर पुन्हा टाकला. तीच ओळ. तिसऱ्यांदाही तीच. मास्तर मशीनवर डोकं टेकून रडले. वर चपलांचा सेल लागला होता, जिना धडधडत होता, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. दुपारी बायकोचा आवाज ऐकला आणि तोंडून निघालं, "खातं बघितलं. चालू आहे."

बारा दिवस ते हेच म्हणत राहिले. कोटाच्या बाह्या लावायच्या राहिल्या होत्या, तो तसाच प्लॅस्टिकमध्ये घालून त्यांनी दांडीच्या टोकाला टांगला. जेवण गोड लागेना. तिचाही सूर हल्ली उतरला होता. पूर्वी अर्धा तास बोलणारी बाई आता "बरं" म्हणून फोन ठेवायची. तिच्या मनाला आधीच कळलंय, असं मास्तरांना वाटायचं आणि त्यांचा जीव आणखी तुटायचा.

शेवटी त्यांच्या तोंडाकडे बघून इस्त्रीवाल्यानेच विषय काढला. मास्तरांनी त्याला सगळं सांगितलं.

"अपील करता येतं," तो म्हणाला. "पण का नाकारलं त्याचं पत्र खात्यात असतं. ते उघडा."

"पासवर्ड हरवलाय."

"मग वहिनींना विचारा."

"तिला काय सांगू? कशाला हवाय म्हणून?"

इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी ठेवली आणि मास्तरांचा फोन हातात घेतला. पासवर्ड विसरलेल्यांसाठी खात्यात एक प्रश्न होता, त्याचं बरोबर उत्तर दिलं की आत जाता यायचं. प्रश्न असा होता: घरचे तुम्हाला कोणत्या टोपणनावाने हाक मारतात? उत्तर बायकोने भरलेलं होतं, तिच्या मनाने. संधी तीन.

मास्तर थोडे लाजले. "राजा टाक," म्हणाले.

"वहिनी राजा म्हणतात तुम्हाला?"

"लग्नानंतर एकदा म्हणाली होती."

राजा चुकलं. मग 'मास्तर' टाकून बघितलं, तेही चुकलं. एक संधी उरली, ती गेली तर खातं बंद होणार होतं. इस्त्रीवाल्याने मास्तरांचा फोन त्यांच्या हातात दिला, आपल्या फोनवरून वहिनींना फोन लावायला सांगितलं आणि तो स्पीकरवर ठेवला.

"हं," तिकडून आवाज आला.

"काही नाही, सहज विचारतोय. खात्यात माझं टोपणनाव काय लिहिलं होतंस?"

"तुम्ही रोज खातं बघता ना?"

"बघतो. आज ते पुन्हा विचारतंय."

"मीचशहाणा," ती म्हणाली. "इंग्रजी अक्षरांत, सलग लिहा. मध्ये जागा सोडू नका."

इस्त्रीवाला खोकल्याचं निमित्त करून वळला. मास्तरांनी एकेक अक्षर शोधून टाकलं आणि खातं उघडलं. वर बायकोचा फोटो होता, खाली हिरव्या पट्टीत लिहिलं होतं: 'अर्ज मंजूर. अर्जदाराच्या पत्नीने तीस दिवसांच्या आत पासपोर्ट पाठवावा.'

"अगं, यांची काहीतरी गफलत आहे," मास्तर म्हणाले. "इथे मंजूर दिसतंय."

"एकोणीस दिवस झाले त्याला," ती म्हणाली.

"तुला कसं माहीत?"

"खातं मी उघडलंय. पासवर्ड माझ्याकडे आहे. मेल मलाच येतात. पहिले दोन दिवस वाटलं, तुम्ही बघितलं नसेल. मग रोज तुम्ही सांगताय, बघितलं, चालू आहे. मला वाटलं, तुम्हाला मी यायला नकोय."

एवढी वर्षं ज्या बाईसाठी ते या जिन्याखाली बसले होते, तिने एकोणीस दिवस हे मनात धरून रोज त्यांचा फोन उचलला होता.

"मग विचारायचं नाहीस?" कसंबसं ते म्हणाले.

"डोकं घालायचं नव्हतं ना मी. पासपोर्ट टेबलावर काढून ठेवलाय. पण तुम्ही बोलावल्याशिवाय कशी पाठवू?"

मग मास्तरांनी खरं ते सांगितलं. हरवलेली चिठ्ठी, ते एका ओळीचं पान, नामंजूर, बारा दिवस. सांगता सांगता वही उघडली आणि फोनवरचा नंबर वहीतल्या नंबरशी जुळवला. शून्य, दोन, तीन, सगळे बरोबर. हे आकडे मराठीत लिहा की इंग्रजीत, सारखेच दिसतात. फक्त एका जागी खात्यात नऊ होता, आणि मास्तर इतके दिवस तिथे एक टाकत आले होते. वहीतही नऊच होता. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला, स्वच्छ, गोलाकार इंग्रजी 9. आजूबाजूच्या मापांच्या सवयीने त्यांनी तो रोज मराठी १ म्हणून वाचला होता. म्हणजे बारा दिवस त्यांनी कुणा परक्या माणसाच्या केसचं सुतक पाळलं होतं. त्या बिचाऱ्याची ओळख ना पाळख, आणि त्याच्यासाठी रडायला जिन्याखाली एक शिंपी.

"मास्तर," इस्त्रीवाला मागून हळूच म्हणाला, "आकडा डोळे उघडे ठेवून वाचायचा असतो."

"अति शहाणा, त्याचा बैल रिकामा," मास्तर म्हणाले. ही म्हण त्यांना कोणी लावली नव्हती, पण त्या दिवशी ती आपणच आपल्याला लावून घ्यावी असं त्यांना वाटलं.

तिकडे ती आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. मास्तरही तेच करत होते, फक्त उलट्या क्रमाने.

"तू ये," ते म्हणाले. "आजच पासपोर्ट पाठव. मी बोलावतोय."

"पाठवते. आणि त्या कोटाचं काय झालं?"

"बाह्या राहिल्यात."

"माप नव्याने घ्या. बारीक झालेय मी." पलीकडे टेप उलगडल्याचा आवाज आला, मग ती म्हणाली, "खांद्यापासून मनगटापर्यंत एकवीस. लिहिलंत?"

मास्तरांनी कानावरची पेन्सिल काढली.

"आकड्यात नको," ती म्हणाली. "अक्षरी लिहा."

मास्तरांनी वहीत लिहिलं: बाही, एकवीस. लिहिलेलं तिला वाचून दाखवलं, आणि मग दांडीवरून कोट काढला.