चेअरमननं सोडलेला चहा

कुठल्याही लग्नाला गेलं की चेअरमन आधी मुतारी शोधायचा, मग नवरा-नवरी. कार्यालयाच्या दारात अत्तर लावणाऱ्यालाच तो विचारायचा, "पावणं, सोय कुठल्या अंगाला हाय?" मग सोयीपासून दहा पावलांवरची खुर्ची धरायचा. अक्षता पडायच्या वेळी तो हमखास जागेवर नसे. त्याच्या वाटणीचे तांदूळ माझ्या मुठीत असायचे आणि ते मीच टाकायचो.

चेअरमन हे त्याचं टोपणनाव. कसबा बावड्यात आम्ही शेजारी, शाळेपासूनचे दोस्त. पुढं मी मास्तर झालो आणि तो म्हशी पाळून दूध संस्थेच्या निवडणुकीला दोनदा उभा राहिला. दोन्ही वेळा पडला. गल्लीनं मग आपणच त्याला चेअरमन करून टाकलं.

मतदानाआधी त्यानं घरोघरी भंडारा उचलायला लावला होता. देवाच्या हळदीवर हात ठेवून दिलेला शब्द मोडायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. लोकांनी हळद कपाळाला लावली आणि मत दुसऱ्याला दिलं. ते दुःख त्यानं वीस वर्षं उगाळलं. "चोर परवडला मास्तर," तो म्हणायचा, "पर भंडारा उचलून फिरलेला माणूस माझ्या उंबऱ्याच्या आत नगं." मला त्याचा हा ताठा फार आवडायचा. म्हणूनच पुढचं सगळं मनाला एवढं लागलं.

साठीनंतर आम्हा दोघांना एकच दुखणं जडलं. प्रोस्टेटची गाठ वाढलेली. रात्री चार-पाच वेळा उठायचं, घाई तर अशी की चप्पल सापडू नये, आणि उभं राहिलं की थेंब थेंब. दोघं एकाच डॉक्टरांकडं गेलो. चेअरमन दिवसाला आठ-दहा चहा प्यायचा आणि मी काही फार मागं नव्हतो. डॉक्टर म्हणाले, "चहानं गाठ वाढत नाही. पण त्यातलं कॅफिन मूत्राशयाला डिवचतं, लघवीही जास्त होते. वाट आधीच अरुंद, त्यात ही घाई. सकाळी एखादा कप घ्या, बाकीचा कमी करा. संध्याकाळी नकोच."

गोळ्या लिहून दिल्या आणि आम्ही बाहेर पडलो. पायरी उतरतानाच चेअरमन म्हणाला, "कमी करायचं काम आपल्याला जमत न्हाई. सोडायचा तर मुळासकट." एक कप चालेल असं डॉक्टर सांगत होते, पण अर्ध्यावर थांबणं आम्हाला कोल्हापूरकरांना कमीपणाचं वाटतं. त्यानं घरी नेऊन देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी पुढं केली. दोघांनी हात ठेवला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून हसत होत्या. मला पहिले तीन दिवस डोकं उठलं, पण शब्द म्हणजे शब्द.

चहाच्या जागी दूध आलं. चेअरमनच्या म्हशी केव्हाच विकल्या गेल्या होत्या. रोज सकाळी माझ्या स्कूटरवरून आम्ही गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जायचो. तिथं म्हैस समोर पिळतात आणि फेसाळ पेला तसाच हातात देतात. चेअरमन दोन घोट घ्यायचा आणि पेला माझ्याकडं द्यायचा. "धर जरा, जाऊन येतो." दहा-दहा मिनिटं यायचा नाही. दोन्ही हातांत दोन पेले घेऊन मी उभा राहायचो आणि मनात म्हणायचो, बिचाऱ्याला किती त्रास होतोय.

तीन महिन्यांत माझं उठणं दोनदावर आलं, मग एकदावर. त्याचं जिथल्या तिथं. आम्ही पुन्हा डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी खोदून खोदून विचारलं, "चहा नक्की बंद आहे?" चेअरमननं माझ्याकडं बोट केलं. "ह्यो मास्तर हाय की साक्षीला." आणि मी छाती पुढं काढून म्हणालो, "एक थेंबसुद्धा घेतलेला नाही, डॉक्टर. मी सांगतो ना." डॉक्टरांनी गोळी वाढवली. या गोळीनं उठताना चक्कर येऊ शकते, सावकाश उठा, असंही बजावलं. पण घाई लागलेला माणूस सावकाश कसा उठणार? पाचव्या दिवशी पहाटे तो न्हाणीच्या दारात कोसळला आणि खुबा मोडला.

दोन दिवसांनी मी एकटाच कट्ट्यावर गेलो. मागच्या बोळातला चहावाला मला बघून पुढं आला. "दुधाचं दोन पेलं धरून हुबं ऱ्हायचं ते तुमीच न्हवं? चेअरमन दिसंनात. रोज सकाळी दोन इस्पेशल असायचं त्यांचं." हातातलं दूध मी तसंच कट्ट्यावर ठेवलं. त्यानं मला फसवलं, हे मी कदाचित गिळलं असतं. पण डॉक्टरांसमोर माझ्या तोंडून खोटं वदवलं, माझी जन्मभराची मास्तरकी त्या गोळीखाली सही म्हणून वापरली, ते मला सोसवेना.

तसाच दवाखान्यात गेलो. वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. मी एवढंच म्हणालो, "भंडारा उचलला होतास."

तो छताकडं बघत म्हणाला, "पयल्याच आठवड्यात मोडला."

"मग मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू बी प्याला असतास. तुला फरक पडत हुता, मास्तर."

मी उठून आलो. पुढं दोन आठवडे मी तिकडं फिरकलो नाही. राग निवळला की जाऊ, असं रोज म्हणायचो. तेवढ्यात त्याच्या छातीत कफ झाला आणि चेअरमन गेला. रक्षाविसर्जनाला नदीवर उभा होतो, तेव्हाही मी त्याच्यावर चिडलेलोच होतो.

तो शेवटी बोलला ते खरं होतं, की "धर जरा, जाऊन येतो" सारखीच आणखी एक थाप होती, हे मला आजही ठरवता येत नाही. विचारायला आता कोण आहे? चहा मी अजून घेत नाही. रात्री एकदाच उठतो. उठलो की आधी चेअरमनला एक शिवी हासडतो, मग पलंगाच्या कडेवर थोडा बसतो आणि भिंतीला धरून सावकाश चालायला लागतो.