न उघडणारी खिडकी

इंग्लंडमध्ये मुलीकडे आले, तेव्हा पहिल्याच सकाळी रस्त्यावर उभी राहून तिचं जुनं जोडघर पाहत राहिले. बिऱ्हाडं दोन, पण दारं दोन टोकांना आडोशाला. समोरून एकच पांढराशुभ्र बंगला वाटावा. मधोमध उंच, देखणी खिडकी. ती उघडायला आत गेले, तर तिथे नुसती भिंत!

मुलगी हसली. "आई, ती खिडकी नाहीच. दोन घरांमधली भिंत जिथे समोर येते, तिथे बाहेरून चौकट बसवून काचा रंगवल्यात. संरक्षित वास्तू आहे, काढताही येत नाही."

मी पुन्हा बाहेर येऊन पाहिलं. आमच्याकडे मागच्या भिंतीला कुणी गिलावाही करत नाही. इथे जिथून कुणी कधी डोकावणार नव्हतं, तिथली खिडकीखालची दगडी पट्टीसुद्धा गवंड्यांनी किती मायेनं घडवली होती! दोन घरं एक दिसावीत, एवढ्याचसाठी.

तेवढ्यात शेजारच्या आजी फडकं घेऊन आल्या. पट्टीचा त्यांच्या बाजूचा अर्धा भाग पुसून, माझ्याकडे बघून हसून आत गेल्या.

"उरलेली आपली," मुलगी दारातून म्हणाली.

मी फडकं घेतलं. त्यांची हद्द कुठे संपते ते बोटांनी चाचपून पाहिलं. दगडाला सांधाच नव्हता.

मग मी सगळीच पुसली.