मोजणीवाल्यांचा स्टँड

"कापड दुकानदाराच्या घरात बाहेरून फडकं मागवायचं? लोक तोंडावर हसतील, मल्लम्मा!"

शिवकुमारच्या हातात पार्सलमधून निघालेलं जाड काळं कापड होतं. धंद्याच्या सवयीनं तो त्याचा पोत अंगठ्यानं चोळून बघत होता.

"हसू द्या. आधी तुमच्याकडंच मागितलं होतं. काय दिलंत? ब्लाऊजची रुबिया."

"टू बाय टू हाय ती! फर्स्ट क्वालिटी."

"असेल. डोक्यावर घेतली तर आतनं पंखा फिरताना दिसतो. मला अंधार पाहिजे, ब्लाऊज नाही शिवायचा."

सोफ्यावर लसूण सोलत बसलेल्या सासूबाई, बसम्मा, मधेच म्हणाल्या, "अय्यो, काळं डोक्यावर घेऊन उभं ऱ्हायचं वय हाय का हे? संक्रांत असती तर एक गोष्ट व्हती."

भांडणाचं मूळ जेवणाच्या टेबलावर उभं होतं. देगलूरचा एक जुना स्टुडिओ बंद झाला, तिथून मल्लम्मानं लाकडी कॅमेरा आणला होता. पुढं भिंग, मागं काच, मधे पेटीच्या भात्यासारखा घड्यांचा काळा भाता. फिल्मचा एकेक तुकडा तळहाताएवढा. काचेवरचं चित्र बघायचं तर डोक्यावर काळं कापड घ्यावं लागतं.

मल्लम्मा लातूरच्या शाळेत चित्रकला शिकवते. आयुष्यभर पोरांकडून झोपडी, डोंगर आणि डोंगरामागचा सूर्य काढून घेतला. स्वतःचं म्हणावं असं एकच चित्र तिला हवं होतं: बिलोलीजवळच्या माहेरची बारव. तिथंच ती पोहायला शिकली. नवा रस्ता त्या बाजूनं जाणार, बारव बुजणार, असं गावात बोललं जात होतं. उन्हाळ्यात पाणी तळाला जातं आणि सगळ्या पायऱ्या उघड्या पडतात. म्हणजे फोटो याच सुट्टीत व्हायला हवा होता. मोबाइलवर तिनं काढून पाहिला होता. मोठा करायला गेलं की पायऱ्यांचा चिखल होत होता.

शिवकुमारचा विचार वेगळा होता. कॅमेऱ्याला पितळी कड्यांचा पॉलिश केलेला स्टँड घ्यायचा, दुकानाच्या शोकेसमध्ये उभा करायचा, बाजूला इरकली लावायच्या. बाया फोटो काढायला थांबतील, थांबल्या की आत येतील. त्यानं तसा स्टँड पसंतही करून ठेवला होता. मल्लम्मानं तो हलवून बघितला. पंख्याच्या वाऱ्यानं हलणारा स्टँड माळावर काय टिकणार? तिनं नांदेडला जुन्या सामानाच्या दुकानातून जमीन मोजणाऱ्यांचा पिवळा स्टँड आणला. पायांना लोखंडी टोकं, जमिनीत रुतला की ढिम्म हलत नाही. मधला स्क्रू तिनं लेथवाल्याकडून बदलून घेतला. भिंग आणि उजेड मोजायचं यंत्र जुनंच बरं निघालं, आणि फिल्म तिनं कपड्यांच्या कोठीत बसून, दाराच्या फटीत चादर कोंबून भरली.

"शोकेसमधे पिवळा स्टँड?" शिवकुमार म्हणाला. "गिऱ्हाईकाला वाटंल, दुकान जप्तीत चाललं."

तरी रविवारी गाडी त्यानंच काढली. बायकोला एवढ्या सामानासकट एस.टी.त बसवणं त्याला शोभलं नसतं.

बारवेच्या काठावर मल्लम्मानं पिवळे पाय रोवले, कॅमेरा चढवला आणि कापडाखाली शिरली. काचेवर पायऱ्या उलट्या उतरल्या, पण दगडन् दगड वेगळा दिसत होता. ती डोळ्याला छोटं भिंग लावून काच न्याहाळत होती, तेवढ्यात बाहेरून आरडाओरडा ऐकू आला.

"बंद करा मोजनी! कोणाला इचारून आलाव?"

शेजारच्या रानातली केवळाबाई हातात खुरपं घेऊन येत होती. मागून चार-पाच गडी.

"मावशी, मोजणी न्हाई, फोटो काढायलोत," शिवकुमार म्हणाला.

"मागल्या बारीला बी असंच म्हनले. फोटो काढतो म्हनले अन् बांधावर दगड रोवून गेले."

मल्लम्मा कापडाखालून बाहेर आली. केस विस्कटलेले, कपाळाची विभूती पुसलेली.

केवळाबाई थबकली. "मल्ली? तू कवा सरकारात लागलीस गं?"

गडी हसले. मल्लम्माही हसली. तिनं मावशीला कापडाखाली घेतलं, काच दाखवली. आतून आवाज आला, "हे काय, बारव उलटीच टांगलीस की!" पण बाहेर आल्यावर केवळाबाईचा चेहरा तसाच होता.

"तू आमची हायस. पर ह्यो पिवळा न्हाई. ह्याचे पाय जिथं रुतले, तिथलं रान गेलं. काढ आधी."

मल्लम्मानं स्टँड उपटला. फोटो झाला नाही.

परतताना शिवकुमारनं नांदेडला चहासाठी गाडी थांबवली. मग म्हणाला, "मी म्हणतच होतो, पितळी घे. त्याला कोण भेत न्हाई."

"उद्या पितळी स्टँड नेला तरी ती लांबूनच ओरडणार. तिला आधी माझी सवय व्हायला पाहिजे."

"म्हणजे?"



रात्री ताटं वाढली. बसम्मांनी भाकरी मोडली आणि विचारलं, "मग कधी ठेवायचा त्यो कॅमेरा दुकानात?"

मल्लम्मानं आमटीचं पातेलं खाली ठेवलं.

"तो दुकानात ठेवायचा नाही. पिवळा स्टँड मी जाताना नांदेडला परत देते. माहेरी मलप्पादादाला फोन केलाय, तो सुताराकडून बाभळीचा करून ठेवतोय. कॅमेरा तिकडंच राहील, आणि शाळा उघडेपर्यंत मीही. परवा सकाळच्या गाडीनं निघते. डाळी डब्यांत भरून ठेवल्यात, भाकऱ्यांचं तुमचं तुम्ही बघा."