पंचांग गेलं पाण्यात, बोल!

फोन आला तेव्हा मी खांडव्याला, माझ्या स्वयंपाकघरात, संक्रांतीचे तीळ भाजत होते. पलीकडून माझा भाचा नितीन. "आत्या, बाबा गेले..." एवढंच बोलून तो थांबला. माणूस अशा वेळी काय विचारेल याचा नेम नसतो. मी विचारलं, "जेवला होता का रे?" नितीन म्हणाला, "नाही ना आत्या. खांबापाशी खुर्ची टाकून बसले होते. आईनं ताट वाढून आवाज दिला, तर म्हणे, थांब, सूर्याला चढून होऊ दे. मग थोड्या देरनं पाहतो तर... एकदम शांत. काहीच तकलीफ नाही झाली." माझे तीळ तोवर करपले होते. मी गॅस बंद केला आणि तिथंच ओट्याला टेकून उभी राहिले. अख्ख्या घराला जन्मभर ताटावर ताटकळत ठेवणारा माझा भाऊ शेवटी स्वतःही उपाशीच गेला, याचा मला आधी राग आला आणि मग रडू आलं.

दत्तात्रय त्याचं नाव. घरात दत्तू, माझा भाऊ. बुऱ्हाणपूरच्या घरामागच्या अंगणात त्यानं एक खांब रोवला होता, उभ्या माणसाच्या खांद्याला लागेल एवढा. रोज दुपारी त्याची सावली आखूड होत होत सगळ्यात आखूड झाली, की भाऊ म्हणायचा, "झालं. आता वाढा." घड्याळात बारा वाजले म्हणून त्याच्या लेखी दुपार होत नसे. आमच्या गावात सूर्य घड्याळाच्या मागून, अर्ध्या-पाऊण तासानं माथा गाठतो, आणि भाऊ त्याच्यासाठी थांबायचा. वहिनी म्हणायच्या, "लोकांच्या घरी सासू असते, माझ्या घरी सूर्य आहे." पण त्याही कधी आधी जेवल्या नाहीत.

तापीत डुंबणारा मुलगा समुद्रावर कसा गेला, हे आमच्या आळीला अखेरपर्यंत कळलं नाही. आमच्याकडे समुद्र कुणी पाहिलेला नव्हता. आबा, म्हणजे आमचे वडील, तहसील कचेरीत कारकून. भाऊ शाळेत हुशार निघाला, कुठंतरी जाहिरात वाचली, अर्ज केला आणि मालवाहू बोटीवर उमेदवार म्हणून लागला. आई आठ दिवस रडली. आबा रडले नाहीत, पण त्यांनी एक अट घातली. उमेदवारी संपल्यावर अधिकाऱ्याची परीक्षा पास व्हायचं. जन्मभर बोटीवर हरकाम्या राहायचं असेल तर गावात गिरणीच्या ऑफिसात जागा आहे, ती धरायची. भाऊला गिरणीचं नाव काढलं तरी घाम फुटायचा. त्याला समुद्राचं वेड लागलं होतं, आणि वेड्याला शहाणपणाची नोकरी म्हणजे तुरुंगच.

ती वर्षंच मोठी हलती होती. संस्थानं विरत होती, प्रांत जोडले जात होते, तोडले जात होते. आमचं गाव नागपूरच्या राज्यातून उठून भोपाळच्या राज्यात जाऊन बसणार, अशी बोलणी सुरू होती. तुकईथड गावाकडचे शेतकरी कचेरीत यायचे आणि आबांना विचारायचे, "रावसाहेब, आमी आता इकडचे का तिकडचे?" आबा काय सांगणार? त्यांच्या स्वतःच्या टेबलावरचे शिक्के बदलायचे होते. संध्याकाळी ते ओसरीवर पंचांग घेऊन बसत, आळीतली माणसं मुहूर्त विचारायला येत, आणि आबा म्हणत, "सरकार हलतं, सरहद्द हलते. सूर्याचं तरी ठरलेलं असतं बापा." दर संक्रांतीला ते भाऊला लहानपणी अंगणात उभं करून दाखवायचे, "पाहा, आज सूर्य दक्षिणेतून वळला. आजपासून दिवस तिळातिळानं मोठा." भाऊ मान डोलवायचा, हातावरचा तिळगूळ चाटत.

भाऊ परीक्षा द्यायला मुंबईला गेला आणि नापास होऊन आला. लेखी सुटली होती, तोंडीत अडकला. आबांनी विचारलं, "काय विचारलं होतं?" भाऊनं खाली पाहत सांगितलं, "दोरीच्या गाठी. विसरलो." आबा गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. दुसऱ्या दिवशी बाजारातून ही एवढी दोरीची भेंडोळी आणली. मग काय, दिवाळीचा फराळ एकीकडे आणि आमच्या घरात गाठी एकीकडे. आईची कपडे वाळत घालायची दोरी, बादलीची कडी, म्हशीचं दावं, सगळं भाऊकडून बांधून घेतलं गेलं. म्हैस आठवडाभर सुटेना. आईनं कातावून म्हटलं, "काय करून राहिला तू हे? पाण्यावर न्यायले सोडावी लागते तिले, जहाज नाही ती!" आबा मात्र प्रत्येक गाठ ओढून पाहायचे आणि "पक्की आहे. मग विसरलास कसा?" असं म्हणून पुन्हा खट्टू व्हायचे.

खरं काय ते भाऊनं मला सांगितलं, तापीच्या घाटावर, कपडे पिळताना. बोटीवरचा अधिकारी दुपारी सूर्य किती उंच चढला ते मोजतो आणि त्यावरून आपण पृथ्वीच्या पाठीवर किती उत्तरेला आहोत ते काढतो. पण त्यासाठी सूर्य स्वतः त्या दिवशी विषुववृत्ताच्या किती अलीकडे-पलीकडे आहे, हे ठाऊक लागतं. ते छापील कोष्टकात असतं. परीक्षा घेणारा एक जुना कप्तान होता. त्यानं विचारलं, "समजा, तुमचं कोष्टक पाण्यात गेलं. फेब्रुवारी अर्धा उलटलाय. सूर्य कुठं आहे, अंदाजानं सांगा." भाऊनं सूर्य वळल्याच्या दिवसापासून हिशेब धरला. पण तो दिवस धरला संक्रांतीचा. सूर्य खरा वळतो डिसेंबरात, संक्रांतीच्या तीन आठवडे आधी. पुस्तकात हे होतं, भाऊला पाठ होतं, बोटीवर त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. "पण सुमे, घाबरल्यावर तोंडात पुस्तक येत नाही गं. घर येतं. आबाच बोलले माझ्या तोंडून." त्याच्या उत्तरातला सूर्य खऱ्या सूर्याच्या कितीतरी दक्षिणेला राहिला. कप्तान हसला नाही. म्हणाला, "तुम्ही मुंबईच्या बंदरात उभे आहात आणि मंगळूरच्या खाली आहोत असं समजताय. घरी जा."

मी म्हटलं, "मग सांग ना आबांना. ते दोरीमागे लागलेत." भाऊनं ओला टॉवेल खांद्यावर टाकला. "नको. सगळं हलून राहिलं त्यांचं. राज्य गेलं, शिक्के चालले. एक सूर्य तेवढा धरून बसलेत ते. त्यांच्या शब्दापायी पोरगा बुडाला, हे मी नाही सांगणार. बांधतो मी गाठी." पुढच्या वेळी जमलं नाही तर गिरणी, हे आबांनी पुन्हा बजावलं होतं. तरी तो असं बोलला. माझ्या भावाबद्दल मला काय वाटतं ते कुणी विचारलं, तर मी हीच गोष्ट सांगते.

तो खांब तेव्हा रोवला. मार्गशीर्षात. "परीक्षेला लागतं," एवढंच घरात सांगितलं. दर रविवारी दुपारी सावलीचं टोक जिथं येईल तिथं भाऊ अंगणाच्या ओल्या मातीत एक चिंचोका दाबायचा. आईनं तेवढी पट्टी सोडून सडा टाकायचा, असा तह झाला. सावली लांब होत गेली, रांग खांबापासून दूर सरकत गेली. आमच्या गावी कडाक्याच्या थंडीत एक दिवस असा येतो की दुपारची सावली जवळजवळ खांबाएवढीच होते. त्याच्यापुढे ती जात नाही. तिथं आठ-पंधरा दिवस ती रेंगाळते, उंबऱ्याशी निरोप घेणाऱ्या पाहुण्यासारखी, आणि मग हळूच परत फिरते. भाऊनं परतीचे चिंचोके शेजारी दुसऱ्या रांगेत लावायला घेतले. आधी एकमेकांना चिकटलेले, मग थोडे सुटे, मग आणखी सुटे. "हे बघ," तो मला म्हणायचा, "आधी तीळ तीळ चालतो. वसंत जवळ आला की पळत सुटतो. हे डोळ्यात बसलं की कोष्टक नसलं तरी चालतं."

संक्रांत आली. आळीतली माणसं तिळगूळ घ्यायला जमली. आबा नवं धोतर नेसून अंगणात उभे राहिले आणि दरवर्षीसारखं म्हणाले, "आज सूर्य वळला." म्हणता म्हणता त्यांची नजर खाली गेली. परतीच्या रांगेत चिंचोके आधीच बसलेले होते. आबा धोतर सावरून उकिडवे बसले. शेवटच्या टोकाच्या चिंचोक्यावर बोट ठेवलं, मग पुढच्यावर, मग त्याच्या पुढच्यावर. माणसं तिळगूळ घेऊन गेली तरी ते तिथंच. शेवटी वर न पाहता त्यांनी विचारलं, "दत्तू, हा कधीचा वळला?"

"झाले तीन आठवडे, आबा."

"परीक्षेत हेच विचारलं होतं?"

भाऊ खाली वाकून आधीच पक्का बसलेला चिंचोका पुन्हा दाबू लागला.

"आणि मी तुझ्याकडून म्हैस बांधून घेत होतो..." आबा उठले, गुडघ्याची माती झटकली आणि आत गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आईला वाटलं पोट बिघडलं. भाऊ दाराशी घुटमळत राहिला. मला भीती वाटत होती की आता आबा एक तर रागावतील, नाही तर खचतील, आणि दोन्ही मला बघवलं नसतं. रात्री त्यांनी मला ओसरीवर बोलावलं आणि कप्तानाचा प्रश्न माझ्याकडून शब्दन् शब्द वदवून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कचेरीच्या मधल्या सुट्टीत आबा घरी आले. एरवी कधी येत नसत. हातातली डब्याची पिशवी ठेवली, सरळ अंगणात गेले, खांबापाशी कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि ओरडले, "दत्तू! पंचांग गेलं पाण्यात. बोल!" भाऊ आतून धावत आला, आणि बघतच राहिला. आबा पुन्हा म्हणाले, "बघतोस काय? फेब्रुवारी अर्धा उलटलाय. सूर्य कुठं आहे?" भाऊनं सांगितलं. अडखळत, पण बरोबर सांगितलं. आबांना काय कळत होतं ते बरोबर की चूक! पण त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "पूर्वी जुळत असेल संक्रांतीशी. सूर्य सरकला, आम्ही बसून राहिलो. तू नको बसून राहू."

मग सगळा माघ आणि फाल्गुन आमच्या घरात पंचांग पाण्यात जात होतं. भाऊनं घास तोंडात घातला की, "गेलं पाण्यात, बोल!" घाटावर भाऊनं बुडी मारून डोकं वर काढलं की काठावरून आबा, "बोल! होळी आली. अजून दक्षिणेला की उत्तरेला?" घाटावरच्या बायका पदरात तोंड लपवून हसायच्या. ज्या माणसानं पंचांग कधी जमिनीवर ठेवलं नव्हतं, तो दिवसातून दहा वेळा ते बुडवत होता, पोरानं तरावं म्हणून. भाऊ चिडायचा, दमायचा, कधी हसत सुटायचा. पण घाबरायचा मात्र बंद झाला. खरी गंमत तीच होती. पुन्हा मुंबईला गेला तेव्हा त्याच कप्तानानं तोच प्रश्न फिरवून विचारला. भाऊ म्हणाला, "मला तिथं आबाच दिसले गं, ओल्या धोतरात. उत्तर आपोआप आलं." पास झाल्याची तार आली तेव्हा आबांनी ती वाचली, घडी घालून टोपीखाली ठेवली आणि कचेरीत दिवसभर टोपी काढली नाही.

पुढच्या संक्रांतीला भाऊ दूर कुठंतरी समुद्रावर होता. आळीतली माणसं आली तेव्हा आबा म्हणाले, "सूर्य केव्हाच वळून बसलाय. आपण तोंड तेवढं उशिरा गोड करतो. घ्या, तिळगूळ घ्या." मुहूर्त विचारणारी माणसं त्यामुळे काही कमी झाली नाहीत. भाऊ नसला तरी रविवारी चिंचोका आबाच लावायचे, शेवटची काही वर्षं मला हात धरायला लावून. ते गेले तेव्हाही भाऊ बोटीवरच होता. काही महिन्यांनी आला, सरळ अंगणात गेला आणि सावली आखूड होईपर्यंत उभा राहिला. निवृत्तीनंतर तो बुऱ्हाणपूरलाच परतला. अंगण फरशीचं झालं, तेव्हा मातीच्या गोळ्यात चिंचोका बसवून तो पट्टीवर ठेवायला लागला. बिस्किटाच्या डब्यात मूठभर चिंचोके कायम असायचे. गुढीपाडव्याला ते सगळे गोळा करून परत डब्यात.

तेराव्याला मी गेले. यंदा त्या घरात तिळगूळ झाला नव्हता. स्वयंपाक तयार होता, पानं मांडली होती, आणि कुणीच बसत नव्हतं. कुणी कुणाला थांब म्हटलं नव्हतं, तरी सगळे थांबले होते. मी मागच्या अंगणात गेले. खुर्ची कुणीतरी उचलली होती, डबा तिथंच होता. भाऊनं ठेवलेला शेवटचा चिंचोका पट्टीवर होता, आणि सावलीचं टोक तिथं नव्हतं. ते वीतभराला थोडं कमी एवढं पुढं, खांबाकडं आलं होतं. भाऊशिवायची एवढी वाट सूर्य चालून आला होता... मी खाली बसले आणि मला उठवेना.

नितीन बोलवायला आला. त्याचं मोबाइलचं दुकान आहे, बापाच्या या नादाला तो जन्मभर हसत आला. "आत्या, चला ना, सगळे थांबले आहेत." तोही मग सावलीकडं बघत उभा राहिला. मी डब्यातला एक चिंचोका काढून त्याच्या हातावर ठेवला. का कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "पंचांग गेलं पाण्यात. बोल."

तो खाली वाकला. चिंचोका टोकाशी ठेवला, पण बोट काही उचललं नाही.

"अजून दक्षिणेलाच आहे, आत्या," तो म्हणाला. "पण निघालाय."

मग आम्ही आत जाऊन जेवायला बसलो.