धावड्याच्या दारातलं पांढरं छत

शहागडला गोदावरी ओलांडली तेव्हा नलूने खिडकीचा पडदा पहिल्यांदा बाजूला केला. जालना जिल्हा लागला होता, म्हणजे तिचं माहेर लागलं होतं. उन्हाची तिरीप तिच्या हातावर आली तशी मीच गाडी थांबवून पडदा पुन्हा ओढला. 

नलू माझी बायको. तिचा आजार असा की अंगावर ऊन पडलं की ताप भरतो, आणि आता मूत्रपिंडंही थकली आहेत. पुण्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगायचं ते सांगितलं. तिने कुणाला काही विचारलं नाही. फक्त म्हणाली, "एकदा धावड्याला जाऊ या. आपल्या दारात दुपारभर बसायचंय मला." धावड्याचं तिचं माहेरघर कुलूपबंद, भाऊ परदेशात. म्हणून मी एक जुनी पांढरी मिनीबस घेतली, तिच्यात पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवून घेतली. सगळं केलं आणि दारात बसायला लागते ती सावलीच विसरलो. असा मी हुशार माणूस!

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला चहाला थांबलो. सावलीसाठी, सामान झाकायला घेतलेल्या ताडपत्रीचं एक टोक गाडीच्या टपाला बांधलं, दुसरं कडुनिंबाला. नलू खाली उतरून बसते न बसते तोच एक ट्रक सुसाट गेला आणि ताडपत्री सुटून भज्यांच्या कढईवर जाऊन पडली. हॉटेलवाला धावला. मला वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार.

"साहेब, असं बांधून न्हाई जमत," तो ताडपत्री झटकत म्हणाला. "जालन्याला जा. दुकानापुढं गुंडाळायचं छत लावतेत ना, तसलं बसवून घ्या गाडीला. बिलकुल हलत न्हाई मंग."

नलू पोट धरून हसत होती. कितीतरी दिवसांनी हसली होती, म्हणून मला त्या ट्रकवाल्याचाही राग आला नाही.

जालन्यात तसं दुकान सापडायला वेळ लागला नाही. दुकानदाराने दोन तऱ्हा दाखवल्या. एकीचे हात कोपरात दुमडतात, खाली टेकू लागत नाही. मला तीच आवडली, पण त्याने गाडीचा पत्रा ठोकून पाहिला आणि मान हलवली. वाऱ्यात सगळा ताण पत्र्यावर येईल, म्हणाला. दुसरी साधी : नळीवर गुंडाळलेलं कापड हँडल फिरवून उलगडायचं आणि पुढे दोन पाय जमिनीवर टेकवायचे. तीच ठरली. दाराच्या बाजूला, उतार बाहेर.

राहिला रंग. नलूने पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांवर बोट ठेवलं.

"ताई, ते मागवावं लागंल. आठ दिवस लागतेत," दुकानदार म्हणाला. "पांढरं तयार हाय. आत्ता जल्दी बसवून देतो. खाली गरम बी व्हत न्हाई."

आठ दिवस आमच्याकडे कुठले? दोन दिवसांनी तिला डायलिसिससाठी पुण्यात पोचवायचं होतं. तिने बोट काढून घेतलं. "घ्या पांढरं," म्हणाली.

मुक्काम जालन्यातच केला. दुसऱ्या दिवशी भोकरदनला खानावळीत येसर (भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ) घालून केलेली आमटी आणि भाकरी मिळाली. नलूला मीठ वर्ज्य. तिने वाटी नाकाशी नेली, वास घेतला आणि माझ्याकडे सरकवली. मी ती आमटी संपवली कशी, माझं मला माहीत.

धावड्याला पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. अजिंठ्याची डोंगररांग उन्हात फिकी दिसत होती. कुलूप लावलेल्या दारापुढे गाडी उभी केली. नलू आत औषध घेऊन पडून राहिली. मी हँडल फिरवलं, छत झक्क उलगडलं, पाय टेकवले, खुर्ची मांडली. तेवढ्यात शेजारच्या बायका येऊ लागल्या. डोक्यावर पदर, तोंडातून शब्द नाही. सावलीत मांडी घालून बसल्या. पुरुष समोरच्या ओट्यावर टोप्या काढून बसले. माहेरवाशिणीचं काय अगत्य, म्हणून मला भरून आलं.

मग शेजारच्या कौसल्याकाकूंनी पदर डोळ्यांना लावला. "कवा गेली हो, जावईबापू?"

 मागे गाडीचं दार उघडलं आणि दारात नलू उभी राहिली.

"काकू, मी हाये ना," ती म्हणाली.

"अगं माय गं!" काकू तिला कवटाळून आणखीच रडू लागल्या. "दारात पांढरा मांडव दिसला. त्यात ही पडदे ओढलेली पांढरी गाडी. आम्हाला वाटलं, तुला माहेरी आणलं. आम्ही तर रडायलाच आल्तो!"

मयत झालं की इकडे दारात पांढऱ्या कापडाचा मांडव घालतात. मला हे ठाऊक नव्हतं. नलूला ठाऊक होतं, पण दुकानात छत निवडताना तिच्याही ध्यानात आलं नाही. मी हँडलकडे धावलो, तर तिने हात धरला. "राहू द्या. सावली चांगली आहे."

आणि ती बसली, दुपारभर. चहा झाला, लेकीबाळींची चौकशी झाली, हशाही झाला. तिला हवं होतं ते सगळं मिळालं. मी मात्र गाडीच्या पायरीवर बसून त्या पांढऱ्या कापडाखाली तिला बघत होतो आणि मला जीव नकोसा झाला होता. ऊन कललं तशा बायका एकेक करून उठल्या, पदर सावरून निघून गेल्या.

परतताना भोकरदन आलं तेव्हा ती म्हणाली, "एकीनेही निघताना 'येते' म्हटलं नाही हो."

मयताच्या घरून निघताना 'येते' म्हणायचं नसतं, हे मात्र मलाही ठाऊक होतं. मी म्हणालो, "गडबडीत विसरल्या असतील." तिने खिडकीकडे तोंड केलं. पडदा बंदच होता.

ठरल्या दिवशी पुण्यात तिला डायलिसिसला नेलं. दरवेळी चाकाची खुर्ची आत वळायच्या आधी ती मागे बघून 'येते' म्हणते आणि मी 'ये' म्हणतो. त्या दिवशीही तिने मागे वळून बघितलं. मी 'ये' म्हणायला तोंड उघडून उभा होतो. ती काही न बोलता आत गेली.