नंबर नसलेली घोडी

डब्लिनमध्ये आमच्या शेजारी एक जर्मन आजी राहतात. नव्वदीला आलेल्या. मागच्या एप्रिलमध्ये त्यांनी मला त्यांच्या वडिलांची दुसऱ्या महायुद्धातली वही दाखवली. वडील गावचे नालबंद. ते आणि घरची घोडी, दोघं एकाच आठवड्यात सैन्यात गेले. वडील परत आले. घोडीचं काय झालं, ते त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. आजींना तेवढंच जाणून घ्यायचं होतं, आणि नजर तर जवळजवळ गेलेली.

जर्मन सैन्य म्हणजे रणगाडे, असं मी धरून चाललो होतो. आजी हसल्या. "ते सिनेमात. आमचं सैन्य घोड्यांच्या मागून चालत गेलं." मी नंतर वाचून खात्री केली. बहुतेक तोफा आणि सामान घोडेच ओढत होते. ते सैन्य कशासाठी निघालं होतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. त्यावर पांघरूण घालायचं नाही. पण त्या वहीसमोर मी थक्क झालो. एका ओळीत एक घोडा: नंबर, रंग, चारी खुरांची मापं, नाल ठोकल्याच्या तारखा, शेवटी शेरा.

पानांचे फोटो काढून मी टीव्हीवर मोठे करायचो. आकडे मी वाचून एक्सेलमध्ये भरायचो, जुन्या वळणाची अक्षरं आजी पडद्याला नाक लावून वाचायच्या. चार शनिवार गेले. बायको म्हणाली, "अहो, पाच दिवस एक्सेल, सहाव्या दिवशीही एक्सेलच! निदान घोड्यांना तरी सुट्टी द्या."

शेवटी मी सांगितलं, "त्र्याऐंशी घोडे. तुम्ही सांगितलेल्या खुणांची घोडी त्यांत नाही."

"सगळ्या ओळी झाल्या?"

"एक सोडून. तिला नंबर नाही. अपुरी नोंद म्हणून मी धरली नाही."

ऑफिसात मी हेच करतो. नंबर नसलेली ओळ लाल करायची आणि बाजूला ठेवायची.

"दाखव."

मी ओळ मोठी केली. नंबराच्या जागी एकच शब्द होता. आजींनी त्यावर बोट ठेवलं. "घरची."

पुढे खुरांची मापं होती आणि नाल ठोकल्याच्या सहा तारखा. शेरा त्यांनी दोनदा वाचला आणि मग मला इंग्रजीत सांगितला: पाय मोडला. गोळी मीच घातली.

मी टीव्ही बंद करायला उठलो. "थांब," त्या म्हणाल्या. "तारीख सांग."

मी सांगितली. त्यांनी बोटांवर महिने मोजले.

"त्यानंतर वर्षभर बाबांची पत्रं येत होती," आजी म्हणाल्या. "मी सात वर्षांची. प्रत्येक पत्रात माझ्यासाठी एक ओळ असायची. घोडी मजेत आहे, भरपूर खाते."