आधी तू, मग बैल

आमच्या महिला मंडळाला कुणाचं भलं करायचं झालं की आधी फ्लेक्स छापावा लागतो. गेल्या हंगामात सांगवीच्या शिवारात ऊसतोडीला आलेल्यांच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहिल्या आणि तिथल्या बायकांच्या अंगात रक्तच नाही, असं तपासणी शिबिरात निघालं. झालं. बारामतीत बैठक, चहा आणि ठराव: गरोदर बायकांना रोज एक पौष्टिक लाडू. फ्लेक्स एवढा मोठा झाला की त्यानं एका कोपीचं दारच झाकलं. आतला म्हातारा वाकून बाहेर आला आणि म्हणाला, "इलेक्शन लागलं का काय?"

लाडू वाटायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी सांगवीतच राहते आणि मला नाही म्हणता येत नाही. शेंगदाणे, अळीव आणि गूळ. गूळ त्यांनीच तोडलेल्या उसाचा असणार, पण ते फ्लेक्सवर छापलेलं नव्हतं.

त्या तळावर बीडकडची एक पोरगी होती, सहावा महिना लागलेली. डोळ्याची पापणी खाली ओढली की आत पांढरंफटक. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हिचं रक्त वाढलं नाही तर बाळंतपणात हातची जाईल." म्हणून तिचा लाडू मी स्वतः नेऊन द्यायचे. ती हसून घ्यायची आणि पदराला बांधायची. महिन्यानं पुन्हा तपासलं तर रक्त होतं तिथंच.

आमच्या अध्यक्षा म्हणाल्या, "लाडवात काहीतरी कमी पडतंय. बदाम घाला." बदाम घातले. चव बघता बघता मंडळातल्या दोघीतिघींनी चांगलं बाळसं धरलं. तळावरची ही मात्र तशीच पांढरी.

मग एकदा संध्याकाळी मी न सांगता गेले. ही बाई त्यांच्या गाडीच्या बैलासमोर उकिडवी बसलेली आणि बैल माझा बदामाचा लाडू मिटक्या मारत खातोय. माझं डोकंच फिरलं.

"अगं भवाने, बाळंत बैल होणार हाय का तू?"

ती जराही शरमली नाही. "खांदा सुजलाय त्याचा, बाई. मी बसले तर माजी जाऊ तोडंल. त्यो बसला तर गाडी कोण वढंल?"

तिचं खरं होतं, म्हणून मी आणखीच चिडले.

अध्यक्षांना फोन लावला, म्हटलं बैलाला पेंड मंजूर करा. त्या म्हणाल्या, "अहो, आपलं मंडळ मातांसाठी आहे." मी म्हटलं, "मग बैलाला लुगडं नेसवून आणू का?" त्यांनी फोन ठेवला. शेवटी आमच्याच गोठ्यातली सरकी पेंड मी डब्यात भरून न्यायला लागले. नवरा विचारायचा, "म्हशीचं दूध का घटलं गं?" मी म्हणायचे, "हवा बदललीय."

तळावर मी नियमच केला: आधी तू, मग बैल. पण तिचा नवरा आणि सासू बघत असताना आपण एकटीनंच खायचं, हे तिला जमेना. घास तोंडात घोळत राहायचा. मी डबा घट्ट धरून समोर बसायचे. बैलाला पेंडीचा वास लागलेला असायचा, तो हंबरडा फोडायचा आणि त्याच्या काळजीनं ती घाईघाईनं लाडू संपवायची. बैलाइतका कामसू सभासद आमच्या मंडळात दुसरा नव्हता. सासूनं दोनचार दिवस तोंड वाकडं केलं, पण बैलाला पेंड मिळतेय म्हटल्यावर तीच सुनेला हाक मारायला लागली, "ये गं, खाऊन घे, बैल खोळंबलाय."

नववा लागल्यावर मी तिला घेऊन दवाखान्यात गेले. जीव मुठीत धरून बसले होते. खोटं कशाला सांगू, तिच्यापेक्षा मलाच भीती वाटत होती. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला, मग तिची पापणी खाली ओढून बघितली आणि हसल्या.

"वाढलंय की गं! आता मोठ्या दवाखान्यात धाडायला नको, इथंच करू तुझं बाळंतपण. काय खाल्लंस एवढं?"

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. मग चोरी कबूल करावी तशी मान खाली घालून म्हणाली, "माजं मीच खाल्लं, बाई."